फिलिपस त्याला सीझर म्हणत नाही

इ. स. पू. ४४ च्या एप्रिल महिन्यात सिसेरो नेपल्सजवळ पुतेओली येथे समुद्रकाठच्या आपल्या घरी मुक्कामाला होता. ज्युलियस सीझरच्या खुनाला पाचएक आठवडे झाले होते, रोममध्ये पुढे काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हते आणि शहरातली बडी माणसे आपापल्या बंगल्यांवर जाऊन वाट पाहत बसली होती. सिसेरो तेथून आपला जिवलग मित्र अ‍ॅटिकस याला जवळजवळ रोज पत्र लिहीत असे. त्यांपैकी एका पत्रात शेजारच्या बंगल्यात नुकत्याच उतरलेल्या एका मुलाचा उल्लेख येतो. मुलगा आपल्याशी फार आदराने आणि स्नेहाने वागतो, असे सांगून सिसेरो पुढे लिहितो की, त्याची माणसे त्याला ‘सीझर’ म्हणून हाक मारतात. फिलिपस तसे म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

हा मुलगा म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता आणि फिलिपस हा त्याच्या आईचा दुसरा नवरा, म्हणजे त्याचा सावत्र पिता होता. रोमचा इतिहास मी गेली अनेक वर्षे जमेल तसा वाचत आले आहे. लढायांची, कटांची आणि तहांची वर्णने वाचून होतात आणि पुसटही होत जातात. सिसेरोच्या पत्रातले हे लहानसे वाक्य मात्र माझ्या मनातून कधी गेले नाही. एका घरात एक मुलगा बसलेला आहे. त्याच्याबरोबर आलेले लोक त्याला एका नावाने संबोधत आहेत, आणि त्याच घराचा कर्ता पुरुष, ज्याच्या छपराखाली तो वयाच्या बाराव्या वर्षापासून वाढला, ते नाव ओठांवर येऊ देत नाही. भेटीला आलेला रोमचा सर्वांत मोठा वक्ता यजमानाच्या तोंडाकडे पाहतो आणि त्याप्रमाणे आपलेही तोंड आवरतो. ते सारे त्या मुलाला ऐकू येत असले पाहिजे.

त्याचे जन्मनाव गायस ऑक्टेव्हियस. घराणे रोमच्या दक्षिणेकडील वेलित्रे या गावचे, पैसेवाले पण मोठ्या परंपरेचे नव्हे. त्याचा बाप त्या शाखेतून सिनेटमध्ये पोहोचलेला पहिलाच माणूस, आणि तोही मुलगा चार-पाच वर्षांचा असताना, मॅसिडोनियाची सुभेदारी संपवून परतत असता वारला. त्याची आई आतिया ही ज्युलियस सीझरच्या बहिणीची मुलगी, आणि या एका धाग्याने मुलगा सीझरशी जोडलेला होता. पुढे सीझरचा सेनानी मार्क अँटनी त्याला हिणवताना म्हणत असे की, याचा पणजोबा दोरखंड वळणारा होता आणि आजोबा नाणी बदलून देणारा सराफ. रोममध्ये आडनाव हेच माणसाचे वजन असल्यामुळे हा टोमणा साधा नव्हता.

सीझरने आपले शेवटचे मृत्युपत्र इ. स. पू. ४५ च्या १३ सप्टेंबरला केले आणि ते व्हेस्टा देवीच्या मुख्य पुजारिणीकडे ठेवायला दिले. खुनानंतर ते अँटनीच्या घरी उघडून वाचण्यात आले. बहिणींच्या वंशातले तीन वारस त्यात होते: तीन चतुर्थांश मालमत्ता ऑक्टेव्हियसला आणि उरलेला चतुर्थांश पिनारियस व पेडियस या दोघांना. पहिले वारस नसल्यास ज्यांच्याकडे वारसा जायचा त्यांत डेसिमस ब्रूटसचे नाव होते, आणि हा डेसिमस मारेकऱ्यांपैकी एक होता. रोमच्या प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स आणि टायबर नदीपलीकडची सीझरची बाग सर्व लोकांना, असेही त्यात लिहिले होते. या सगळ्यानंतर, मेणाच्या पाट्यांपैकी अगदी शेवटच्या पाटीवर, ऑक्टेव्हियसला कुटुंबात आणि नावात घेत असल्याचे कलम होते.

मुलगा तेव्हा एड्रियाटिक समुद्रापलीकडे, आजच्या अल्बेनियातल्या अपोलोनिया या शहरात वक्तृत्वाचे शिक्षण घेत होता. सीझर पूर्वेकडच्या पार्थिया या राज्यावर स्वारी करणार होता आणि त्या स्वारीची लीजन पथके, म्हणजे काही हजार सैनिकांची एकेक तुकडी, जवळच मॅसिडोनियात तळ देऊन होती. अग्रिपा हा त्याच्याच वयाचा मित्र त्याच्यासोबत होता. मार्च संपता संपता आईकडून खुनाची बातमी आली. पथकांतल्या काही अधिकाऱ्यांनी सोबत येण्याची तयारी दाखवली. त्याने आभार मानून त्यांना तिथेच राहू दिले आणि थोड्या माणसांनिशी समुद्र ओलांडला. ब्रुंदिझियम बंदरात कोणाचे सैन्य आहे याची खात्री नसल्यामुळे तो तिथे न उतरता जवळच्या लुपिए गावाजवळ किनाऱ्याला लागला. तिथे त्याला मृत्युपत्रातला मजकूर कळला, आणि त्यापाठोपाठ आईची आणि फिलिपसची पत्रे मिळाली. दत्तकपणा नाकार, वारसा नाकार, रोममध्ये सावधपणे खासगी आयुष्य जग, असा त्यांचा सल्ला होता.

हा सल्ला भित्रेपणाचा होता असे मला कधी वाटले नाही. फिलिपस इ. स. पू. ५६ मध्ये कॉन्सल, म्हणजे वर्षभराच्या मुदतीचा सर्वोच्च अधिकारी झालेला, दोन्ही पक्षांशी बोलणे राखून यादवीतून सहीसलामत बाहेर पडलेला माणूस होता. त्याने सल्ला दिला तो अगदी शहाण्या बापाने द्यावा तसाच दिला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला सिनेटच्या सभेत तेवीस वार करून मारण्यात आले होते. त्याचे नाव घेऊन एक आजारी प्रकृतीचा, सैन्य नसलेला, कोणतेही पद नसलेला मुलगा रोममध्ये जाणार म्हणजे मरायलाच जाणार, असे कोणत्याही आईला वाटले असते. मुलाने दिलेले उत्तर वेलेयस या इतिहासकाराने नोंदवले आहे: ज्या नावाला मी योग्य आहे असे सीझरला वाटले, त्या नावाला मीच स्वतःला अयोग्य मानणे हे पाप होईल.

दत्तक हा शब्द आपल्याला परका नाही. माझे आजोबा चौदाव्या वर्षी दत्तक गेले. त्यांचा संस्कृतचा एक जुना कोश माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर शाईने लिहिलेले त्यांचे मूळ नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एका रेघेने खोडलेले आहे, आणि त्याखाली त्याच मुलाच्या हस्ताक्षरात नवे नाव, नव्या वडिलांचे नाव आणि नवे आडनाव लिहिलेले आहे. रेघ पट्टी धरून मारलेली आहे. गावातले एक वृद्ध गृहस्थ त्यांना अखेरपर्यंत जुन्याच आडनावाने हाक मारीत आणि आजोबा त्या हाकेला ‘ओ’ देत नसत, असे आजी सांगत असे. सिसेरोचे ते पत्र वाचताना मला त्या गृहस्थांची आठवण येते. त्यांच्या मनात वाईट काही नसेलही. त्यांना फक्त ठाऊक होते की हा मुलगा मूळचा कोणाचा.

आपल्याकडच्या दत्तकविधानात निदान देणारे आणि घेणारे समोरासमोर बसलेले असतात आणि मूल एका मांडीवरून उठून दुसरीवर बसते. ऑक्टेव्हियसच्या बाबतीत घेणारा मेलेला होता, जन्मदाता पंधरा वर्षांपूर्वी गेला होता, आणि जी जिवंत वडीलधारी होती ती नको म्हणत होती. मृत्युपत्रातून दिलेले नाव लोकांच्या सभेच्या ठरावाने पक्के व्हावे लागे, आणि ते काम त्या वर्षीचा कॉन्सल असलेल्या अँटनीच्या हाती होते.

मे महिन्यात तो रोमला आला आणि अँटनीला भेटायला गेला. अँटनीने त्याला ताटकळत ठेवले. अँटनीची बाजूही पाहिली पाहिजे: तो चाळिशीला आलेला, सीझरबरोबर लढलेला सेनानी होता, खुनानंतरच्या त्या भयंकर दिवसांत शहर त्याने सावरले होते, आणि सीझरच्या विधवेने, कॅल्पुर्नियाने, नवऱ्याची कागदपत्रे व रोकड विश्वासाने त्याच्याकडे सोपवली होती. अशा माणसासमोर अठरा वर्षांचा मुलगा येऊन सीझरचा पैसा मागतो आणि सीझरच्या खुनाचा सूड का घेतला नाही असे विचारतो. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की अँटनीने त्याला ऐकवले, तुझी बुद्धी ठिकाणावर नाही. ना तुझ्याजवळ समज, ना मित्र, आणि तू सीझरचा वारस होण्याचे हे चिरडून टाकणारे ओझे उचलतो आहेस. पैसे त्याने दिले नाहीत, आणि दत्तकाचा ठराव वरवर मदत करीत ट्रिब्यूनांच्या, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींच्या हातून पुढे पुढे ढकलवला.

मग त्या मुलाने जे केले त्यात मला त्याची खरी ताकद दिसते. नागरिकांना वाटायचे ३०० सेस्टर्स ही सीझरची देणी होती, आणि बापाची देणी मुलानेच फेडायची असतात. त्याने स्वतःची मालमत्ता विकायला काढली. ती पुरेना तेव्हा पिनारियस आणि पेडियस यांचे हिस्से मागून घेतले, आणि आईच्या व फिलिपसच्या मालमत्तेतूनही पैसा उभा केला, असे इतिहासकार अ‍ॅपियन सांगतो. जो फिलिपस ते नाव उच्चारत नव्हता, त्यानेच त्या नावाचे कर्ज फेडायला आपली मालमत्ता दिली. त्या घरात याविषयी काय बोलणे झाले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. नकार द्यायचा आणि तरी खिशात हात घालायचा, हे घरोघरच्या बापांना जमते.

जुलै महिन्याच्या अखेरीस त्याने सीझरच्या विजयाप्रीत्यर्थ खेळ भरवले. सिनेटने सीझरला बहाल केलेले सोन्याचे आसन तिथे मांडण्यास त्याला मनाई झाली. पण खेळ चालू असतानाच उत्तरेच्या आकाशात एक धूमकेतू दिसू लागला, आणि सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा तो तारा सात दिवस सगळ्यांना दिसत राहिला. हा सीझरचा आत्मा देवांत गेला, असे लोक म्हणू लागले, आणि त्याने सीझरच्या पुतळ्याच्या मस्तकावर तारा बसवला. धूमकेतू हे रोमन लोक सहसा अशुभ मानत. या मुलाने त्याचा अर्थ बदलून घेतला, आणि सीझर जर देव झाला असेल तर त्याचा मुलगा कोण ठरतो, हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

शरद ऋतूत अँटनी ब्रुंदिझियमला मॅसिडोनियातून आलेल्या लीजन पथकांचा ताबा घ्यायला गेला. इकडे मुलगा कँपानियात, जिथे सीझरच्या जुन्या सैनिकांना जमिनी मिळाल्या होत्या त्या कालातिया आणि कासिलिनम या गावांत, पैसे घेऊन गेला. दर माणशी ५०० दिनार. सीझरच्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनार होता, म्हणजे ही रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त होती. अँटनीने आपल्या सैनिकांना १०० दिनार देऊ केले तेव्हा ते हसले, आणि त्याने शिस्तीसाठी काहींना ठार मारले. आता त्या मुलाची पत्रे सिसेरोला येऊ लागली. ३,००० सैनिक जमले आहेत, रोमकडे चालून जाऊ का, तुमचा सल्ला हवा, अशी ती पत्रे होती. सिसेरोने अ‍ॅटिकसला लिहिले: कोणामागे जायचे? त्याचे नाव पाहा, त्याचे वय पाहा. नाव जास्तच मोठे होते आणि वय फारच कमी, आणि सिसेरोला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

नोव्हेंबरच्या १० तारखेला तो सैनिकांसह रोममध्ये शिरला आणि फोरममध्ये कॅस्टरच्या देवळाजवळ बोलायला उभा राहिला. सीझरच्या पुतळ्याकडे उजवा हात करून त्याने शपथ घेतली, “माझ्या पित्याचे सन्मान मला मिळोत.” हे भाषण साफ फसले. सीझरच्या मारेकऱ्यांचे मित्र ते ऐकून बिथरले. सिसेरोने तर लिहिले की असल्या माणसाच्या हातून माझे रक्षण न झालेले बरे. सैनिकांना वाटले होते की आपण सीझरच्या मारेकऱ्यांवर चालून जाणार आहोत. अँटनीशी, म्हणजे आपल्याच जुन्या सेनानीशी लढायचे आहे हे कळताच त्यांतले बरेच जण काहीतरी कारणे सांगून घरी निघाले. अँटनी परत येत होता. एकोणिसावे वर्ष पुरे होऊन दोन महिनेही न झालेला तो मुलगा, उधारीच्या पैशावर जमवलेले सैन्य डोळ्यांदेखत विरघळत असताना, उत्तरेकडे अरेतियमच्या दिशेने निघाला.

रोमला गेले होते तेव्हा टायबरकाठच्या शांतिवेदीच्या संग्रहालयापाशी रस्त्यालगतच्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी होते. ऑगस्टसने म्हातारपणी लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा वृत्तान्त त्या भिंतीवर लॅटिनमध्ये कोरलेला आहे. त्याचे पहिलेच वाक्य या नोव्हेंबरविषयी आहे: वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी माझ्या स्वतःच्या निर्णयाने आणि स्वतःच्या खर्चाने सैन्य उभारले. त्याच्या शेवटी, हे लिहिताना मी शहात्तराव्या वर्षात आहे, असे शब्द आहेत. मध्ये सत्तावन्न वर्षांचे सगळे ऐश्वर्य आहे. फसलेले भाषण त्यात नाही, परतून गेलेले सैनिक नाहीत, अँटनीचे नावही नाही. पण सुरुवात त्याला तिथूनच करावीशी वाटली, ज्या महिन्यात त्याचे सगळे संपल्यात जमा होते.

ते संपले नाही, कारण अँटनीच्या सैन्यातली मार्शिया आणि चौथी ही दोन लीजन पथके पैशापायी आणि सीझरच्या नावापायी अँटनीला सोडून त्याच्याकडे आली. सैन्य मिळाले तरी त्याला कसलाही अधिकार नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो एक खासगी बंडखोर होता. अधिकार मिळवून दिला तो सिसेरोने. अँटनीला नमवायला दुसरे शस्त्र नाही हे सिसेरोला पटले, आणि सिनेटमधल्या त्याच्या भाषणांत शेजारच्या बंगल्यातला तो ऑक्टेव्हियस आता ‘गायस सीझर’ झाला. ‘तरुण, किंबहुना मुलगाच’, असे त्याने डिसेंबरमध्ये म्हटले, पण नाव पूर्ण घेतले. इ. स. पू. ४३ च्या १ जानेवारीला तर त्याने सिनेटपुढे त्याची हमी घेतली: मी वचन देतो, मी अंगावर घेतो, मी जामीन राहतो की गायस सीझर आज जसा नागरिक आहे तसाच तो सदैव राहील.

बासष्टीपुढच्या या म्हाताऱ्याने जामीनकीचे एकामागून एक तीन शब्द का उच्चारले असतील? मला वाटते, त्याला स्वतःलाच धीर द्यायचा होता. मुलाने त्याला पहिल्या भेटीपासून मान दिला होता. पुतेओलीहून लिहिलेल्या पत्रात सिसेरोने आनंदाने म्हटले होते की मुलगा सर्वस्वी माझा झाला आहे. आयुष्यभर आपले प्रजासत्ताक वाचवण्यासाठी झटलेल्या माणसाला शेवटी असा एक शिष्य सापडावा, ही आशा समजण्यासारखी आहे आणि म्हणूनच ती पाने वाचवत नाहीत.

उत्तर इटलीत म्युटिना येथे अँटनीशी लढाया एप्रिलमध्ये झाल्या. अँटनी हरला, पण हिर्टियस आणि पान्सा हे दोन्ही कॉन्सल मेले आणि त्यांचे सैन्य त्या मुलाच्या हाती आले. सिनेटला वाटले की आता याची गरज उरली नाही. सन्मान आणि सेनापतिपद डेसिमस ब्रूटसला, म्हणजे याच्या बापाच्या एका मारेकऱ्याला देण्यात आले. सिसेरोने म्हटलेले एक द्व्यर्थी वाक्य त्याच्या कानावर गेले होते, ‘त्या पोराची स्तुती करावी, त्याला सन्मान द्यावा आणि उचलावे’. आणि लॅटिनमध्ये ‘उचलणे’ म्हणजे वर चढवणेही आणि दूर करणेही. त्याने मनाशी नोंद घेतली. अँटनीचे जे वाक्य सिसेरोने मार्चमध्ये सिनेटला वाचून दाखवले होते तेही त्याला ठाऊक असणारच: “आणि तू, पोरा, ज्याचे सर्वस्व केवळ नावामुळे आहे.” शत्रू आणि पाठीराखा या दोघांनीही त्याला ‘पोर’च मानले होते.

जुलैमध्ये त्याच्या सैनिकांचे शिष्टमंडळ सिनेटपुढे आले आणि त्याच्यासाठी कॉन्सलपद मागू लागले. सिनेट घुटमळू लागली तेव्हा कॉर्नेलियस नावाच्या सेंच्युरियनने, म्हणजे सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने, झगा मागे सारून तलवारीच्या मुठीला हात लावला आणि म्हटले, तुम्ही केले नाही तर ही करील. त्याच महिन्याच्या अखेरीस सिसेरो मारेकऱ्यांचा म्होरका मार्कस ब्रूटस याला लिहितो की, या कोवळ्या मुलासाठी मी जामीन राहिलो होतो आणि मी दिलेले वचन पाळले जाईल असे आता दिसत नाही, याचे मला फार दुःख होत आहे. आठ लीजन पथके घेऊन मुलगा रोमवर चालून आला. १९ ऑगस्टला तो कॉन्सल निवडला गेला. विसावे वर्ष पुरे व्हायला अजून महिनाभर होता. हा महिना तेव्हा सेक्स्टिलिस म्हणून ओळखला जात असे. पहिल्यांदा कॉन्सल झालो तो हा महिना, म्हणून पुढे त्याला त्याचेच नाव देण्यात आले, आणि आपण मराठीत ‘ऑगस्ट’ म्हणतो तेव्हा त्याच दिवसांचा उच्चार करत असतो.

कॉन्सल झाल्यावर त्याने रखडलेला दत्तकाचा ठराव लोकांच्या सभेकडून मंजूर करून घेतला. मृत्युपत्र उघडल्याला सतरा महिने झाले होते. जे नाव अपोलोनियाहून आल्यापासून तो लावत होता, ते कायद्याने आपलेसे करायला त्याला आठ लीजन पथके लागली. आजोबांच्या कोशातली ती रेघ अशी दोनदा मारावी लागते: एकदा आपण आपल्या हाताने, आणि मग जगाकडून.

पुढचे तीन महिने मला लिहायला जड जातात. तो अँटनीला जाऊन मिळाला. बोनोनियाजवळ, नदीतल्या एका लहान बेटावर, तो, अँटनी आणि सीझरचाच दुसरा सेनानी लेपिडस बसले आणि त्यांनी साम्राज्य वाटून घेतले, आणि ज्यांना कुणीही मारावे आणि बक्षीस घ्यावे अशा माणसांच्या याद्या केल्या. अ‍ॅपियनच्या मते त्यांत सुमारे ३०० सिनेटर आणि २,००० अश्वपथकी, म्हणजे सिनेटरांखालच्या श्रीमंत वर्गातले लोक होते. अँटनीने आपल्या मामाचे नाव दिले, लेपिडसने आपल्या भावाचे. अँटनीला सिसेरो हवा होता. प्लुटार्क म्हणतो की मुलाने दोन दिवस विरोध केला आणि तिसऱ्या दिवशी हार मानली. ७ डिसेंबरला फोर्मिएजवळ, पालखीतून समुद्राकडे निघालेल्या सिसेरोला मारेकऱ्यांनी गाठले. ज्या व्यासपीठावरून त्याने त्या मुलाची स्तुती करणारी भाषणे लोकांपुढे केली, तिथेच त्याचे शिर आणि हात टांगण्यात आले.

त्या दोन दिवसांच्या विरोधाची कथा खरी असली तरी तिच्याने माझे समाधान होत नाही. ज्याने जामीनकी लिहून दिली त्याला कर्जदारानेच सावकाराच्या हवाली करावे, असा हा प्रकार होता. प्लुटार्कच सांगतो की पुष्कळ वर्षांनी, सम्राट झालेल्या त्याने एकदा आपल्या नातवाच्या हाती सिसेरोचे पुस्तक पाहिले. घाबरून मुलाने ते वस्त्राआड लपवले. आजोबांनी ते मागून घेतले, उभ्या उभ्या त्यातला बराच भाग वाचला आणि परत देत म्हटले, “विद्वान माणूस होता, बाळ, विद्वान आणि देशावर प्रेम करणारा.” त्या उभ्या राहून वाचलेल्या वेळात म्हाताऱ्याला पुतेओलीचा तो बंगला आठवला असेल.

यानंतरची बारा वर्षे रक्तात बुडालेली आहेत आणि ती सविस्तर सांगण्याचा हा लेख नाही. फिलिपायच्या रणांगणावर सीझरचे मारेकरी मार्कस ब्रूटस आणि कॅसियस संपले, सिसिलीजवळच्या समुद्रात अग्रिपाने सीझरचा जुना शत्रू पॉम्पे याच्या मुलाला, सेक्स्टसला हरवले, लेपिडस बाजूला पडला. इ. स. पू. ४२ मध्ये सीझरला रीतसर देव ठरवण्यात आले आणि त्याचा मुलगा ‘देवपुत्र’ म्हणवून घेऊ लागला. त्याच्या नाण्यांवर आता ऑक्टेव्हियसची एकही खूण नव्हती. दत्तकाच्या रिवाजाप्रमाणे जुन्या घराण्याची आठवण म्हणून ‘ऑक्टेव्हियानस’ असे जोडनाव त्याने लावायला हवे होते; त्याने ते स्वतः कधी लावले नाही. तरीही आजच्या सगळ्या पुस्तकांत त्याला या वर्षांपुरते ऑक्टेव्हियन म्हणतात, कारण दोन सीझरांत गोंधळ होऊ नये. ही सोय आहे हे मला कळते, आणि मीही कित्येकदा तसेच लिहिले आहे. पण त्या नावाने त्याचा उल्लेख करणारे आपण सारे फिलिपसच्या पंक्तीत बसलेलो आहोत.

आणि आणखी एक मुलगा होता. इ. स. पू. ४७ मध्ये इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिला झालेला, तिने सीझरचाच म्हणून वाढवलेला, इजिप्तचा सहराजा. त्याचे अधिकृत नाव टॉलेमी सीझर. अलेक्झांड्रियाचे लोक त्याला सीझारियन म्हणत, म्हणजे छोटा सीझर. इतिहासाने हेच टोपणनाव उचलले, त्यालाही पूर्ण नाव मिळाले नाही. देंदेरा येथील देवळाच्या मागच्या भिंतीवर आई आणि मुलगा देवतांपुढे अर्घ्य घेऊन उभे असलेले आजही दिसतात. अँटनीने सिनेटला सांगितले होते की सीझरने या मुलाला आपला मानले होते. उलट सीझरचा मित्र ऑपियस याने मुलगा सीझरचा नाहीच असे सिद्ध करणारे एक पुस्तकच लिहिले. इ. स. पू. ३४ मध्ये अलेक्झांड्रियाच्या भव्य समारंभात, आता क्लिओपात्राच्या बाजूला गेलेल्या अँटनीने त्याला सीझरचा खरा मुलगा म्हणून जाहीर केले. ज्याच्याकडे सीझरचे रक्त नव्हते पण मृत्युपत्र होते, त्याच्यासमोर आता ज्याच्याकडे मृत्युपत्र नव्हते पण रक्त होते असा एक उभा करण्यात आला.

इ. स. पू. ३० च्या १ ऑगस्टला अलेक्झांड्रिया या दत्तक सीझरच्या हाती पडले. अँटनी आणि मग क्लिओपात्रा मरण पावली. अँटनीचा थोरला मुलगा अँटिलस सीझरच्या पुतळ्याला मिठी मारून आश्रय मागत होता. त्याला तिथून ओढून काढून मारण्यात आले. टॉलेमी सीझरविषयी जेत्याने आपला तत्त्वज्ञ मित्र एरियस याला विचारले, तेव्हा त्याने होमरच्या एका ओळीत एक शब्द बदलून उत्तर दिले: फार सीझर असणे बरे नव्हे.

ज्याने अठराव्या वर्षी एका नावासाठी आईचा शब्द मोडला, त्यालाच हे उत्तर सर्वांत नीट कळले असणार. त्याला ठाऊक होते की सतरा वर्षांचा मुलगा, जवळ काही नसताना, केवळ ते नाव घेऊन समुद्र ओलांडून आला तर काय होऊ शकते. जगात दुसऱ्या कोणालाही ते इतके ठाऊक नव्हते.

क्लिओपात्राने शहर पडण्याच्या आधीच आपल्या मुलाला पुष्कळ द्रव्य देऊन इथिओपियाच्या वाटेने हिंदुस्थानाकडे पाठवले होते. इजिप्तहून इकडे येणारी जहाजे भर उन्हाळ्यात निघत आणि मोसमी वाऱ्यावर पश्चिम किनाऱ्याला लागत. पुढच्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या बंदरांच्या यादीत भडोच आहे, सोपारा आहे, आपले कल्याणही आहे. सोपाऱ्याच्या खाडीकडे जाताना मला कधी कधी वाटते की त्या वर्षीच्या एखाद्या जहाजातून एक ग्रीक बोलणारा मुलगा इथे उतरला असता, दुसरे कोणते तरी नाव घेऊन राहिला असता, आणि म्हातारा झाला असता.

पण त्याच्याबरोबर रोडन नावाचा त्याचा शिक्षक होता. रोमच्या सीझरने तुला इजिप्तचे राज्य देण्यासाठी बोलावले आहे, असे त्याने मुलाला वाटेत सांगितले. मुलाने ते खरे मानले आणि तो मागे फिरला.